गुडघ्याचं कारण

मागच्या वर्षी शहराच्या एका क्रीडा संग्रहालयातून फोन आला. भिंतीवर रोमन गाल्का यांचा फोटो लावायचाय, खाली दहा ओळींचा मजकूर हवा, तुम्ही त्यांच्या सेक्रेटरी होतात ना, द्याल का लिहून? मी दिला. टोलेडोच्या लॅग्रेंज स्ट्रीटवर पोलिश कुटुंबात जन्म, वडील काच कारखान्यात भट्टीवर, एकोणीस वर्षं टोलेडो ग्लासमेन या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे जनरल मॅनेजर, दोनदा अंतिम फेरी, एकदा विजेतेपद. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. ते वाचून गाल्का कोण होते हे मात्र कुणाला कळलं नसतं.

ते पाच फूट सात इंच होते. बास्केटबॉल शिकले चर्चच्या तळघरात. तिथलं छत इतकं खाली की चेंडू उंच फेकायची सोयच नव्हती, त्यामुळे आमच्या भागातली सगळी मुलं जन्मभर सपाट फेकत राहिली. खेळाडू म्हणून आपलं काही होणार नाही हे त्यांना सोळाव्या वर्षीच कळलं, पण खेळ सुटेना. ग्लासमेन संघ निघाला तेव्हा ते तिकिटं विकायला लागले. मग बस ठरवायला, मग हॉटेलवाल्यांशी भांडायला, मग करार करायला. १९६७ साली मालकांनी त्यांना जनरल मॅनेजर केलं, म्हणजे नाव नवीन आणि कामं तीच. कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, कोणाला दुसऱ्या शहराला देऊन बदल्यात कोणाला आणायचं, हे सगळं आता त्यांच्या एका सहीवर आलं. ते मॅनेजर व्हायच्या वर्षभर आधी मी ऑफिसात लागले होते. माझं नाव व्हेरोनिका बिएल, पण तिथे सगळे व्हेराच म्हणायचे.

आमचं गाव काचेचं म्हणून संघाचं नाव ग्लासमेन. हरायला लागलो की लोक म्हणत, फुटले बघा परत. गाल्कांना हा विनोद अजिबात आवडत नसे.

आता त्यांची एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यापासूनच सुरू होतं. दुसऱ्या शहरांतल्या खेळाडूंना आपण काढले गेलो हे फोनवर कळायचं, कधीकधी तर पेपरात वाचून. गाल्कांच्या वडिलांना कारखान्याने काढलं तेव्हा फाटकाजवळच्या फळ्यावर यादी लावली होती. वडील सकाळी डबा घेऊन गेले आणि यादी वाचून डब्यासकट परत आले. गाल्का तेव्हा नऊ वर्षांचे होते. म्हणून ते कुणालाही काढायचं असलं की स्वतः त्याच्या घरी जात. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत, समोर ठेवलं ते खात, सांगायचं ते सांगत, आणि घरातल्या माणसांचं बोलून, रडून, शिव्या देऊन होईपर्यंत जागचे हलत नसत. सगळ्या लीगमध्ये त्यांची ही रीत माहीत होती. काही जण हसत, काही जण मान देत.

पण झालं काय, की त्यांची हिरवी जीप लोकांना यमाच्या रेड्यासारखी वाटायला लागली. खेळाडूंच्या बायका एकमेकींना फोन करायच्या. "हिरवी तुमच्याकडे वळली का गं?" "नाही बाई, पुढे गेली." "मग आता कुणाच्या दारात?" गाल्का नुसते दूध आणायला निघाले तरी चार घरांत पडदे ओढले जात. बारशाला, लग्नाला, वाढदिवसाला त्यांना कुणी बोलवत नसे. बोलवणार कसं? गाडी दारात दिसली की पाहुण्यांचे चेहरे पडणार. एकदा मला म्हणाले, "व्हेरा, लोक मला दार उघडतात, पण 'या' असं कुणी म्हणत नाही."

मी म्हटलं, "मग फोन करत जा की! बाकीचे करतात तसा."

"ते माझ्याच्याने होणार नाही," ते म्हणाले, आणि खरंच झालं नाही.

आमच्याकडे कॉर्डेल ट्रॅमेल नावाचा खेळाडू होता. सहा फूट आठ इंच, मूळचा अलाबामाचा, नऊ वर्षं आमच्याच संघात. डॉर स्ट्रीटजवळ घर, बायको अर्नेस्टीन शाळेच्या ग्रंथालयात, मुलगी रोंडा चार वर्षांची. गावात त्याच्यासारखा लाडका दुसरा कुणी नव्हता. पण १९७४ च्या फेब्रुवारीत गाल्कांनी त्याला ओमाहाच्या संघाला देऊन बदल्यात एक तरुण गडी घ्यायचं ठरवलं. संघाच्या दृष्टीने बरोबर होतं, मी दोष देत नाही. रीतीप्रमाणे ते घरी गेले, सांगितलं. अर्नेस्टीन रडली. कॉर्डेलने हात मिळवला. दुसऱ्या दिवशी क्रीडागृहातलं त्याचं कपाट रिकामं करून दुसऱ्या खेळाडूला दिलं, आणि तो विमानाने ओमाहाला गेला.

असा व्यवहार पक्का होतो तो वैद्यकीय तपासणीनंतर. घेणाऱ्या संघाचे डॉक्टर माणसाला तपासतात, तो पास झाला तर ठीक, नाहीतर माल परत. आमचे स्वतःचे डॉक्टर म्हातारे होते. जीभ बघायचे, गुडघ्यावर हातोडी मारायचे, पाठीवर थाप द्यायचे आणि पुढचा. ओमाहाकडे यंत्रं होती.

गुरुवारी सकाळी दहाला ओमाहाच्या मॅनेजरचा फोन आला. वेंडेल त्याचं नाव. मी जोडून दिला आणि रिसीव्हर खाली ठेवायला हवा होता. ठेवला नाही. सगळ्या सेक्रेटरी ऐकतात. जी नाही म्हणते ती खोटं बोलते.

"रोमन, तुझा माणूस परत पाठवतोय."

"का रे? गुडघा?"

"गुडघा कसला! गुडघे ठणठणीत आहेत. हृदय वाढलंय त्याचं. दोन डॉक्टरांनी बघितलं. पळू देऊ नका म्हणतात. जिना चढतानासुद्धा जपायला हवं."

"त्याला सांगितलंस?"

"तपासणीत नापास, व्यवहार रद्द, एवढंच सांगितलंय. माणूस तुझा आहे, बाबा. बाकीचं तू सांग. तूच घरी जाऊन सांगतोस ना सगळ्यांना?"

कॉर्डेल घरी पोचला असेल अशा बेताने दुपारी गाल्का उठले. मग टोपी घालून बाहेर पडले. संध्याकाळी पाच वाजता ते ट्रॅमेलच्या घरी पोचले. तिथे काय झालं ते त्यांनी मला बारा वर्षांनी सांगितलं, पण सांगायची जागा हीच आहे.

अर्नेस्टीनने खिडकीतून जीप पाहिली आणि घरातल्या सपातांवर बर्फात धावत बाहेर आली. हसत होती. "या, या, मिस्टर गाल्का! आज पहिल्यांदा तुमची गाडी बघून माझ्या पोटात गोळा नाही आला!" घर सोडायचं नव्हतं, मुलीची शाळा सोडायची नव्हती, ओमाहा टळलं होतं. आत बांधलेली खोकी उघडून टाकली होती, शेजारपाजारचे जमले होते, कुणीतरी रेकॉर्ड लावली होती. रोंडाने त्यांची टोपी काढून आपल्या डोक्यावर घातली आणि त्यांच्या मांडीवर चढून बसली. अर्नेस्टीनने रताळ्याच्या 'पाय'चा, म्हणजे भट्टीत भाजलेल्या गोड पक्वान्नाचा, हा एवढा तुकडा समोर ठेवला. "खा. संपवल्याशिवाय उठायचं नाही."

"सात वर्षांत," गाल्का मला म्हणाले, "मला कुणी 'या' म्हटलं ते त्या एका दिवशी."

मग कॉर्डेलने विचारलं, "पण बॉस, त्यांना सापडलं तरी काय? धड कुणी बोललंच नाही माझ्याशी."

गाल्कांच्या तोंडात घास होता. सगळे त्यांच्याकडे बघत होते, हसऱ्या चेहऱ्यांनी. ते म्हणाले, "गुडघा."

"कुठला?"

"डावा. थोडी झीज आहे म्हणे. काही दिवस विश्रांती घे."

"हा?" कॉर्डेलने डाव्या गुडघ्यावर चापट मारली. "हा तर माझा चांगला! ओमाहाच्या डॉक्टरांचे डोळे तपासा आधी." सगळं घर हसलं. गाल्काही हसले. उद्या सांगू, एका दिवसाने काय होतंय, असं त्यांनी मनाशी म्हटलं. एरवी कुणाच्याही घरी जे पहिल्या दहा मिनिटांत सांगत, ते त्या दिवशी दोन तासांत सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी कोचला कळवलं, ट्रॅमेलला बसवून ठेव, गुडघा दुखावलाय. आणि स्वतः डेट्रॉइटला निघून गेले. तिथे काही काम होतं असं म्हणाले. नव्हतं. त्यांची डायरी माझ्याच हातात असायची.

दुपारी कॉर्डेल क्रीडागृहातल्या आमच्या ऑफिसात आला. दाराच्या चौकटीखालून वाकून यायचा तो. "काय हो मिस व्हेरा, माझं कपाट देऊन टाकलंत? मेलेल्याचं सामानसुद्धा लोक महिनाभर ठेवतात!"

मी म्हटलं, "तुझे बूट एवढे मोठे, ठेवायचे तरी कुठे?"

"बरं ते जाऊ दे. ओमाहाचा कागद आलाय का? गुडघ्याचा? मला बघायचंय काय लिहिलंय ते."

गुडघ्याचा. माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. तोपर्यंत मी धरून चालले होते की काल सगळं बोलून झालं असणार. गाल्का सांगायला गेले आणि न सांगता आले, असं कधी घडलंच नव्हतं.

तो माझ्या टेबलासमोर उभा होता. मला चार शब्द बोलायचे होते. हृदय आहे, गुडघा नाही. मी म्हटलं, "कागद टपालाने येईल. मिस्टर गाल्का सोमवारी आहेत, त्यांच्याशी बोल."

"सोमवारपर्यंत वाट कोण बघतंय! उद्या सकाळी येतो आणि इथले प्रेक्षकांचे जिने चढतो. खालपासून वरपर्यंत, वीस वेळा. मग सांगा त्यांना कुठला गुडघा झिजलाय ते."

आणि मी हसले. हसले आणि म्हणाले, "दमू नकोस हं फार."

का नाही बोलले? हजार वेळा विचारलंय स्वतःला. चोरून ऐकलं हे उघडं पडेल म्हणून. सांगायचं काम माझं नव्हे म्हणून. मोठ्यांच्या कामात आपण नाक खुपसू नये असं शिकले होते म्हणून. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि सगळी मिळून एका माणसाच्या जिवापुढे कवडीमोल आहेत.

शनिवारी सकाळी क्रीडागृहाच्या रखवालदाराला तो प्रेक्षकांच्या चौदा नंबरच्या विभागातल्या जिन्यावर सापडला, सगळ्यात वरच्या चार-पाच पायऱ्या उरल्या असताना. एकतीस वर्षांचा होता.

आमचे म्हातारे डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, होतं असं कधीकधी. ओमाहाहून वेंडेलचा फोन आला. "तू सांगितलं होतंस ना त्याला?" गाल्का म्हणाले, "सांगितलं होतं." "मग ऐकलं नाही म्हणायचं. पोरं कुठे ऐकतात!" दोष मेलेल्याच्या माथी गेला आणि त्यांनी तो जाऊ दिला. मंगळवारी टपालाने कागद आला. त्यांनी तो वाचला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "लाव फायलीला." मी लावला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो, आणि त्यावरूनच दोघांनाही कळलं की दुसऱ्याला माहीत आहे.

अर्नेस्टीनने अंत्यविधीनंतर पत्र लिहिलं. आमच्या घरातला शेवटचा आनंदाचा दिवस तुम्ही घेऊन आलात, देव तुमचं भलं करो. त्यानंतर दर नाताळला कार्ड यायचं, आत रोंडाचा फोटो, मागे तिची उंची लिहिलेली. गाल्का ती कार्डं खणात पालथी घालून ठेवत.

आवाज त्याच वर्षी सुरू झाला. मी आठला ऑफिस उघडायची, क्रीडागृह तेव्हा रिकामं असायचं. काँक्रीटच्या पायऱ्यांवर रबरी बूट. वर, वर, वर, मग थांबणं, मग खाली. रखवालदार म्हणायचा, "वाफेचे पाइप आहेत, बाई. थंडीत वाजतात." असतील. पण पाइप वळणावर क्षणभर थांबून श्वास घेत नाहीत. एकदा जुलैत, भर उन्हाळ्यात ऐकलं तेव्हा मी त्याला विचारायला गेले नाही. गाल्का काही बोलले नाहीत, पण अकराच्या आत ऑफिसात यायचं त्यांनी बंद केलं, आणि आपली खोली इमारतीच्या दुसऱ्या टोकाला हलवली. १९७९ मध्ये आम्ही विजेतेपद जिंकलो. मैदानावर खेळाडू नाचत होते, लोक गाल्कांना खांद्यावर घ्यायला धावत होते, आणि हा माणूस चौदा नंबरच्या विभागाकडे पाठ करून, मान खाली घालून उभा होता. पेपरवाल्यांनी लिहिलं, विनम्र माणूस.

त्यांनी खेळाडूंच्या घरी जायची रीत मात्र सोडली नाही. पण आता ते काही खात नसत. कोट न काढता, उभ्यानेच, दार उघडताक्षणी सांगून टाकत. लोक म्हणायला लागले, गाल्का दगड झाले.

१९८६ च्या शरद ऋतूत संघाने नवीन डॉक्टर नेमली, डॉक्टर मिरियम सेलिग, तरुण आणि तोंडाने फटकळ. नव्या खेळाडूंची तपासणी चालू होती. ती एकाला विचारत होती, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? मी सहज म्हटलं, "हे कशाला विचारायचं हो?"

"वाढलेलं हृदय बऱ्याचदा घराण्यात असतं," ती कागदावरून मान वर न काढता म्हणाली. "बापाला असलं तर पोराला असू शकतं. कळलं तर माणूस जगतो. नाही कळलं तर एक दिवस मैदानात पडतो."

गाल्का दारात उभे होते. त्यांच्या हातात त्या दिवशीचा पेपर होता. आतल्या पानावर फोटो होता रोंडा ट्रॅमेलचा. सोळा वर्षांची, सहा फूट एक इंच, शाळेच्या बास्केटबॉल संघाची कॅप्टन, आपल्या संघात घ्यायला आठ कॉलेजं तिच्या मागे लागलेली.

ते ऑफिसात येऊन फायलींचे खण उघडायला लागले, एकामागून एक. त्यांनी आयुष्यात स्वतः कधी फाईल शोधली नव्हती. "व्हेरा, ओमाहाचा कागद."

मी अर्ध्या मिनिटात काढून दिला. तो कुठे आहे हे मी बारा वर्षांत एक दिवसही विसरले नव्हते.

"चल माझ्याबरोबर," ते म्हणाले. "एकट्याने गेलो तर मी परत गुडघाच म्हणेन."

वाटेत त्यांनी मला त्या संध्याकाळचं, रताळ्याच्या 'पाय'चं सगळं सांगितलं. रस्त्यावर नजर ठेवून, सलग, एका दमात.

अर्नेस्टीनचे केस पांढरे झाले होते. आम्हाला बघून तिला आनंद झाला, कॉफी ठेवायला उठली. "बसा हो, अर्नेस्टीन," गाल्का म्हणाले, आणि त्यांनी सांगितलं. काहीही मऊ न करता. "मला माहीत होतं, मी सांगितलं नाही, मी गुडघा म्हणालो, तो गुडघा धड आहे हे दाखवायला तो जिने चढला." मग कागद तिच्यासमोर सरकवला. "हे मुलीला असू शकतं. आज, आत्ता डॉक्टरकडे न्या."

तिने कागद शेवटपर्यंत वाचला. मागच्या अंगणात चेंडू आपटत होता. "आणखी कुणाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"कुणालाही नाही," गाल्का म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी टेबलावरच्या प्लास्टिकच्या कापडावरची फुलं बघत राहिले.

अर्नेस्टीन उठली, मागचं दार उघडलं आणि ओरडली, "रोंडा! चेंडू खाली ठेव!" चेंडू आणखी दोनदा आपटला. "खाली ठेव म्हणते ना!" मग थांबला.

ती परत आली, पण बसली नाही. "बारा वर्षं मी तुम्हाला कार्डं पाठवत होते."

"हो."

"माझ्या मुलीला तुमच्या मांडीवर बसवलं होतं मी."

"हो."

"उठा."

आम्ही उठलो.

रोंडाला तेच निघालं, बापाचं. तिचा खेळ त्या आठवड्यात संपला. तिने गाल्कांना एकच पत्र पाठवलं, त्यात लिहिलं होतं, तुम्ही वेळेवर बोलला असतात तर मला बाप असता, आता बोललात म्हणून मला खेळ नाही, दोन्ही तुम्हीच नेलंत. गाल्कांनी पेपरात सगळं स्वतःच्या नावाने छापून आणलं आणि राजीनामा दिला. तो मी टाइप केला, दोन ओळींचा. पुढची आठ वर्षं ते शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून चर्चमध्ये होणाऱ्या माशांच्या जेवणावळीनंतर भांडी विसळायचे. लोक त्यांच्या शेजारी उभे राहायचे नाहीत. मी राहायची. माझं नाव त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही, आणि मीही त्यांना सांगा म्हटलं नाही.

ते क्रीडागृह पाडलं त्याला आता बरीच वर्षं झाली. मला वाटलं होतं, जिनाच गेला की आवाजही जाईल. मी आता वृद्धांसाठीच्या एका बैठ्या इमारतीत राहते. तिथे जिना नाही. तरी सकाळी आठला कुणीतरी चढत असतं.

रोंडा आता बावन्न वर्षांची आहे. शाळेत गणित शिकवते, छातीत एक यंत्र बसवलेलं आहे, दोन मुलं आहेत. आई गेल्यापासून तिला जुन्या माणसांची ओढ लागली आहे, म्हणून महिन्यातून एकदा मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते. गाडीत चढायला हात देते, पट्टा लावून देते. मागच्या खेपेला गाडी सुरू करता करता थांबली आणि म्हणाली, "मम्मा कायम म्हणायची, मिस व्हेरा, की त्या ऑफिसात एक तुम्हीच चांगल्या होतात. तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही डॅडीला सांगितलं असतंत."

ती माझ्याकडे बघत होती. उत्तर हवं होतं तिला.

"हो गं," मी म्हणाले. "लगेच सांगितलं असतं."

तिने माझा हात दाबला आणि गाडी रस्त्यावर घेतली.